उरलेले सतरा शब्द

बाळांनो, एक कल्पना करा. तुम्ही वही पुढ्यात घेऊन लिहायला बसला आहात. समोर कुणीतरी शब्द घालतंय, म्हणजे लिहायला मोठ्यानं सांगतंय : विहीर. तुम्ही ‘व’ काढलात. आता वेलांटी. पहिली की दुसरी, नक्की आठवत नाही. पेन्सिल उजवीकडे निघते. तेवढ्यात तुमचं मनगट आपोआप थांबतं. कुणी बोललेलं नाही, कुणी हात धरलेला नाही. तरी पेन्सिल उचलली जाते, डावीकडे वळते आणि ‘व’च्या आधी जाऊन टेकते. पहिली वेलांटी. बरोबर.

आता असं समजा, की ते वळण तुमच्या आईच्या हाताचं आहे. आणि आई आता या जगात नाही.

हवं तर डोळे मिटून बघा. घाई नाही, मी थांबतो.

असा हात वळवणारा एक पट्टा होता. तो आता कुठं मिळत नाही, त्यामुळं तुमच्यापैकी कुणी पाहिला नसेल. आमच्या घरी होता. जयसिंगपूरला, सातव्या गल्लीत. तो कसा आला आणि मी त्याचं काय केलं, ते सांगतो.

त्या काळात शाळांनी पुन्हा वह्या-पेन्सिली काढल्या होत्या. त्याआधी बरीच वर्षं मुलं नुसती बोलायची आणि पडदा लिहायचा. मग मुलांना शब्द ओळखता येतात पण मनात उभे करता येत नाहीत, अशी ओरड झाली आणि पहिली ते चौथी हातानंच लिहायचं असं ठरलं. पण आईबापांचीच सवय गेलेली. घरी शुद्धलेखन घेणार कोण? म्हणून पुण्यातल्या चार-पाच तरुण मंडळींनी हा पट्टा बनवला.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. बोट हलवायचं तुम्ही मनात आणलं, की मेंदूचा निरोप कोपराखालच्या स्नायूंपर्यंत जातो. तिथं अगदी बारीक वीज उमटते, बोट प्रत्यक्ष हलायच्या किंचित आधी. कोपराखाली बांधायच्या या पट्ट्याला आतून बत्तीस चकत्या होत्या. त्या ही वीज टिपायच्या, म्हणजे पेन्सिल कुठं निघालीय ते पट्ट्याला आधीच कळायचं. उलटही करता यायचं. चकत्यांतून हलकीशी वीज सोडली, की तोच स्नायू जरासा आखडतो आणि हात वळतो. अर्धांगवायू झालेल्या माणसांचा हात पुन्हा चालता करायला डॉक्टर हे आधीपासून वापरत होते.

पण मुलाचा हात वळवायचा तो कसा? धसक्यानं वळवला तर मूल घाबरतं. म्हणून आधी घरातल्या एका मोठ्या माणसानं पट्टा घालून सगळे शब्द लिहायचे. त्याचा वेग, दाब, थांबणं, सगळं पट्टा साठवून ठेवायचा आणि मुलाचा हात त्याच चालीनं वळवायचा. आपण हात धरून गिरवायला शिकवतो ना, तसं. धरणारा हात फक्त दिसायचा नाही.

पट्ट्याचे नियम दोन होते. ते नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवले नाहीत. पहिला नियम असा, की मूल चुकायला लागलं तरच हात यायचा, बरोबर लिहीत असेल तर पट्टा गप्प. दुसरा असा, की एखादा शब्द ओळीनं पाच वेळा बरोबर आला, की त्या शब्दाची नोंद पट्टा कायमची पुसून टाकायचा. पाठकोऱ्यावर पाच-पाच वेळा लिहायची आपल्याकडची जुनी पद्धत, तिच्यावरूनच हा आकडा घेतला होता. नोंद पुसायचं कारणही साधं होतं. सुरुवातीला पुसत नव्हते, तर आईबाप परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच मदत पुन्हा चालू करायचे आणि पोरं शिकायचीच नाहीत. त्या मंडळींचा हेतू चांगलाच होता.

त्रिशला माझी मुलगी. जावई श्रेणिक मगदूम, सूतगिरणीत यंत्रांची देखभाल बघायचा. मला तो मामा म्हणायचा. त्यांची मुलगी चंदना. चंदना दुसरीत असताना त्रिशलाला रक्ताचा आजार झाला. किती वर्षं हातात आहेत असं आम्ही डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर महिन्यांत दिलं.

एके दिवशी सकाळी ती मला म्हणाली, “आण्णा, चंदूचं शुद्धलेखन कोण घेणार?”

“मी आहे की. छत्तीस वर्षं दुसरं काय केलं?”

“शब्द तुम्ही घाला. हात माझा असू दे.”

तिनं पट्टा आधीच मागवून ठेवला होता. अकरा दिवस रोज सकाळी मी शब्द घालायचो आणि ती लिहायची. चारशे शब्द. कधी वीस व्हायचे, कधी साठ. मधेच दमली की उशीला टेकायची आणि डोळे न उघडता म्हणायची, “गुरुजी, मोठ्यानं घाला. मागच्या बाकावर ऐकू येत नाही.”

“मागं बसायला कुणी सांगितलंय? पुढं ये.”

“नको. मास्तरची पोरगी पुढं बसली, की पोरं म्हणतात लाड चाललेत.”

जोडाक्षर आलं की ती अंमळ थांबायची आणि मग लिहायची. वरची रेघ सगळा शब्द संपल्यावर, एकाच ओढीत. पडदे आले तरी माझ्या वर्गात मी वह्या सोडल्या नव्हत्या, आणि मीच तिला लहानपणी तसं शिकवलं होतं. बाकीच्या मुलांनी पुढं सोडून दिलं, तिनं नाही.

थंडी सुरू होता होता ती गेली. मी माझं कोल्हापूरचं बिऱ्हाड मोडून कायमचा जयसिंगपूरला, श्रेणिककडं राहायला आलो.

महिन्याभरानं आम्ही पट्टा काढला. तिसऱ्याच शब्दाला चंदनाचा हात वळला आणि ती पेन्सिल टाकून ओरडली, “आज्जा! आईनं धरलं!” श्रेणिक स्वयंपाकघरात भात लावत होता. तो बाहेर आला नाही. आतल्या नळाचं पाणी मात्र बराच वेळ वाहत राहिलं.

रोज संध्याकाळी सहाला आम्ही बसायचो. श्रेणिक रोज फोनवर पट्ट्याचा अहवाल बघायचा. किती शब्द झाले, किती राहिले. पण पट्ट्याला त्यानं कधी बोट लावलं नाही. तो बांधायचं आणि सोडायचं काम माझ्याकडं.

पहिल्या दोन महिन्यांत एकसष्ट शब्द झाले. मग गाडी अडली. पुढचे दोन महिने एकही शब्द पुढं सरकेना. चंदना सगळेच शब्द चुकायला लागली. आलेले शब्दसुद्धा. आज बरोबर, उद्या चूक. तीनदा बरोबर आला, की चौथ्यांदा हटकून चूक. मी रागावलो नाही. आई गेलेल्या लेकराच्या हातून काय बरोबर येणार, असं मनाशी म्हणायचो आणि तोच शब्द पुन्हा घालायचो.

एकदा बाजारात तिच्या वर्गाच्या कोरे बाई भेटल्या. मी म्हटलं, “बाई, चंदनाकडं जरा लक्ष ठेवा. लिहिण्यात फार मागं पडलीय.”

बाई हसल्याच. “गुरुजी, चेष्टा करताय काय? वर्गात तिची एक वेलांटी चुकत नाही. इतर पोरांच्या वह्या मी तिच्याकडून तपासून घेते.”

शाळेत पट्टा घालायला बंदी होती. म्हणजे पट्ट्याशिवाय मुलगी बरोबर लिहीत होती आणि पट्टा घातला की चुकत होती. मी घरी येईपर्यंत विचार केला आणि निष्कर्ष काढला, की पट्टा बिघडलाय. छत्तीस वर्षं मुलांमध्ये घालवलेल्या माणसाला त्या वेळी मुलाचा संशय यायला हवा होता. मला यंत्राचा आला.

त्याच आठवड्यात श्रेणिकच्या बहिणीच्या घरी, निपाणीला, लग्न निघालं. बापलेक चार दिवसांसाठी गेले. माझा गुडघा धरलेला, मी मागं राहिलो. चंदना निघताना म्हणाली, “आज्जा, पट्टा चार्ज करून ठेव हं.”

मी चार्ज केला आणि माझ्याच हाताला बांधला.

बिघाड तपासायचा, हे कारण खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. माझी मुलगी त्या पट्ट्यात होती. रोज संध्याकाळी ती माझ्या नातीचा हात धरायची आणि मी समोर बसून नुसता बघायचो. मलाही एकदा तो हात हवा होता. हे मी कुणापाशी बोललो नव्हतो.

पट्टा कानानं शब्द ओळखायचा. म्हणून मी मोठ्यानं शब्द म्हणायचो आणि लिहायचो. यादीतल्या राहिलेल्या शब्दांतला पहिला, दुसरा, तिसरा. काहीच झालं नाही. मला वाटलं, पट्टा म्हाताऱ्या कातडीला जुळवून घेत असेल. त्रिशलानं मला ते दोन नियम सांगितले होते. पण माझी समजूत अशी, की ते चंदनाच्या नावावर आहेत, मी लिहिलं तर पट्टा मोजणार नाही. पट्टा माणूस ओळखायचाच नाही. त्याला फक्त शब्द आणि हात कळायचा, मग हात कुणाचा का असेना.

मी रीतसर बसलो. प्रत्येक शब्द पाच वेळा. मास्तर आहे ना, तीनदा लिहून थांबणं मला जमत नाही. रोज ऐंशी-एक शब्द. सकाळी बसायचो, दुपारी भाकरी खाऊन परत बसायचो. हात सुजला. चार वह्या भरल्या. माझी मुलगी कुठंच आली नाही. चौथ्या दिवशी दुपारी माझी खात्री झाली, की पट्टा मेलेला आहे.

यादीचं शेवटचं पान उरलं होतं. शब्द होता ‘पिशवी’. दारात भाजीवाली ओरडली म्हणून मी मान वळवली, आणि हात आपला चालत राहिला. ‘प’ काढला आणि पेन्सिल उजवीकडे निघाली.

मनगट थांबलं.

ते थांबणं मी ओळखलं. दटावणं नव्हतं त्यात, ओढाताण नव्हती. समोरच्याला आपली चूक आपणच दिसावी म्हणून जेवढा वेळ द्यावा, तेवढा वेळ. मग हात हलकेच डावीकडे आला. वेलांटी, ‘श’, ‘व’, वेलांटी. आणि वरची रेघ, एका ओढीत.

भाजीवालीनं परत हाक मारली. मला उठवेना.

तो शब्द मी मग मुद्दाम चुकवला. सात वेळा. मुलांच्या वह्यांवर आयुष्यभर तांबड्या रेघा ओढणारा मी, ‘पिशवी’ची वेलांटी मुद्दाम चुकवत बसलो होतो, आणि माझी मुलगी सातही वेळा न कंटाळता आली. आठव्या वेळी मला चंदनाच्या वह्या आठवल्या. तीनदा बरोबर, चौथ्यांदा चूक. तेव्हा मला कळलं, की माझी नात मागं पडलेली नाही. ती हुशार आहे, आणि दोन महिने एकटीनं तिनं आईला पट्ट्यात राखून ठेवलंय.

मी पट्टा सोडून ठेवला. त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. आपण काय करून बसलोय, ते अजून ध्यानात यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दोघं आली. चंदनाच्या हातावर मेंदी होती. पायसुद्धा न धुता तिनं पट्टा पुढं केला. “बांध लवकर. आज दोन पानं.”

मी शब्द घातला. विहीर. तिनं मुद्दाम दुसरी वेलांटी काढायला घेतली. हात तसाच पुढं गेला. चुकलेला शब्द वहीवर उमटला.

तिनं पट्टा चाचपला. “सैल झालाय.”

मी घट्ट केला. बक्षीस. चूक लिहिली गेली. जमीन. चूक लिहिली गेली. ती भराभर लिहायला लागली. मी शब्द घालायच्या आधीच स्वतः शब्द म्हणायची आणि चुकवायची, म्हणायची आणि चुकवायची. सगळ्या चुका वहीवर तशाच राहिल्या.

“आज्जा, आई येईना झालीय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, बाळांनो. पाच वेळा. प्रत्येक शब्द पाच वेळा.

लग्नाच्या गडबडीत चार दिवस न बघितलेला अहवाल श्रेणिकनं फोनवर उघडला होता. त्याचा आवाज खाली आला. “मामा, हे काय? झालेले शब्द तीनशे त्र्याऐंशी. राहिलेले सतरा. खाली ‘शाब्बास चंदना’ लिहिलंय. चार दिवसांत तीनशे बावीस शब्द कुणी लिहिले?”

“मी.”

“कशासाठी?”

“बिघडलाय का बघायला.”

मी अर्धंच खरं सांगितलं. वर्गात कुणी असं केलं असतं, तर मी त्याला खाली बसू दिलं नसतं.

“मास्तर होता तुम्ही,” श्रेणिक म्हणाला. “आधी वाचायचं, मग लिहायचं. हे पोरांना शिकवलंत ना?” एवढं बोलून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

चंदना माझ्याकडं बघत होती. “तू सगळे बरोबर लिहिलेस?”

“हो गं.”

“पाच-पाच वेळा?”

“हो.”

“एखादा तरी चुकायचास की, आज्जा.”

ती रडली असती तर मला सोसलं असतं. तिनं पट्टा सोडला, त्याच्या डब्यात घातला आणि आत निघून गेली.

श्रेणिकनं दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार मायेनं बोलत होती, असं त्यानं नंतर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पण पुसलेलं परत येत नाही, म्हणाली. माणसाच्या शरीराची नोंद पट्ट्याबाहेर साठवायला कायद्यानं मनाई होती, म्हणून त्यांच्याकडं दुसरी प्रत नव्हती.

सहा दिवस चंदना माझ्याशी बोलली नाही. सहा वाजले की मी वही घेऊन बसायचो, ती येऊन बसायची, पण लिहायची नाही. शाळेतून कोरे बाईंचा निरोप आला, की श्रुतलेखनाला तिनं कोरा कागद दिला. विचारलं तर म्हणाली, “बरोबर लिहिलं की संपतं.” शाळेत पट्टा नसतो, तिथं काही संपत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिचा हात धजेना.

मुलं पुष्कळदा रुसतात. पण लिहायला घाबरलेलं मूल माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं. ते माझ्या घरात बसलं होतं आणि माझ्यामुळं बसलं होतं.

सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, श्रेणिक टेबलाशी अर्ज लिहीत होता. फोननं काम झालं नाही, हातानं लिहिलेलं तरी कंपनीचे लोक वाचतील, अशी त्याला आशा. त्यानं कधी काळी हातात पेन धरलं होतं, कोण जाणे. जीभ दातात धरून एकेक अक्षर काढत होता. चंदना पाणी प्यायला आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

“बाबा, हे काय लिहिलंयस?”

“अर्ज.”

“ ‘विनंती’ अशी लिहितात होय? आणि ‘पत्नी’? अरे, ‘महिना’सुद्धा चुकलाय!” तिनं बोटानं मोजलं. “नऊ ओळी आणि चौदा चुका. कोरे बाईंनी तुला उभंच केलं असतं.”

“आमच्या वेळी पडदा लिहायचा गं,” श्रेणिक ओशाळून म्हणाला. “तुझी आई हसायची. सामानाची यादी मी लिहिली, की दुकानदार तिला फोन करून विचारायचा.”

चंदना हसली नाही. ती बापाकडं बघत राहिली, गणित घालताना फळ्याकडं बघतात तशी. मग सात दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं वळली.

“आज्जा, सतरा कुठले राहिलेत?”

मी यादीचं शेवटचं पान आणून दिलं. तिनं वरून खाली बोट फिरवलं. “पहिला ‘पिशवी’. तू पिशवीपाशी का थांबलास?”

आता अर्धं खरं सांगून चालणार नव्हतं. “तिथं मी चुकलो.”

“तू?”

“हो.”

“चुकलास? तू?” तिचे डोळे मोठे झाले. “बाबा, आज्जा चुकला! पिशवीला!” आणि एवढ्या दिवसांनी ती खुदकन हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आवाज बारीक झाला. “मग... आली?”

“आली.”

“कशी आली?”

“थांबली आधी. मला माझी चूक दिसू दिली. मग वळवलं.” मग मीच पुढचं सांगितलं. “चंदू, पट्टा बिघडलाय का हे बघायला मी बसलो होतो, ते खरंय. पण मला तिला भेटायचंही होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. आणि तिला शोधता शोधता तुझी तीनशे बावीस शब्दांतली आई घालवली.”

श्रेणिकनं पेन खाली ठेवलं होतं. खाली गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा ‘आउट, आउट’ असा आरडाओरडा तेवढा वर येत होता.

चंदनानं पट्टी घेतली. यादीच्या पानावर रेघा मारून तीन खण पाडले. एकाच्या वर ‘मी’ लिहिलं, एकाच्या वर ‘आज्जा’, एकाच्या वर ‘बाबा’. सात दिवसांत तिनं लिहिलेली ही पहिली अक्षरं.

“वाटण्या करूया,” ती म्हणाली. “आज्जा, तुला एकच. पिशवी. तुझा काही भरवसा नाही, तू बरोबर लिहून टाकतोस.”

“कबूल,” मी म्हटलं.

“मला चार.”

“आणि बाकीचे?” श्रेणिकनं विचारलं.

“बारा तुला.”

तो खुर्ची मागं सारून उठलाच. “नको. चंदू, ते तुझे आहेत. आईनं तुझ्यासाठी केलेत. मला नको.”

“मला सगळे शब्द येतात, बाबा.”

“येऊ देत. ठेव तुझ्याकडंच.”

“ऐक ना.” तिनं त्याची बाही धरली. “मला येतात, म्हणून मी मुद्दाम चुकवते. मग ती येते. म्हणजे मी तिला खोटंच बोलावते. रोज खोटंच. तुला खरंच येत नाही. तुझ्याकडं ती खरी येईल.”

श्रेणिक तसाच उभा राहिला. पट्ट्याचा डबा कपाटावर होता, त्याच्या डोळ्यांसमोर. चार महिने तो डब्याला वळसा घालून गेला होता. “मला भीती वाटते गं,” तो म्हणाला. आपण हे मुलीसमोर बोललो, याचं त्याला भान नव्हतं.

“मला पण वाटायची,” चंदना म्हणाली. “पहिल्या दिवशी. मग नाही.”

तिनं खुर्चीवर चढून डबा काढला. पट्टा तिच्या हाताच्या मापाला ठेवलेला होता. तो तिनं शेवटच्या भोकापर्यंत सैल केला आणि बापाच्या कोपराखाली बांधला. मी मदतीला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. अर्जाचा कागद उलटा करून त्याच्या पुढ्यात ठेवला, पेन काढून घेतलं आणि आपली पेन्सिल दिली. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या रोजच्या जागी जाऊन बसली.

“मुद्दाम चुकवायचं नाही हं,” तिनं बजावलं. “तुला जसं येतं तसं लिही. शब्द आहे, मीठ.”

श्रेणिकनं ‘म’ काढला. मोठा, वाकडा. क्षणभर विचार केला आणि पेन्सिल डावीकडे नेली.

त्याचं मनगट थांबलं.

तो इतका ताठ झाला, की मला वाटलं, आता हात हिसडून घेणार. त्यानं घेतला नाही. हात हळूच उजवीकडे वळला. दुसरी वेलांटी आली. मग ‘ठ’. मग पेन्सिल उचलली गेली, शब्दाच्या सुरुवातीला आली आणि वरची रेघ एका ओढीत पार गेली. रेघ संपली तरी श्रेणिकनं पेन्सिल कागदावरून उचलली नाही. तो मान खाली घालून त्या टोकाकडं बघत होता, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी कागदावर पडत होतं.

बापाच्या खणातला पुढचा शब्द ‘चिमणी’ होता. चंदनाचं बोट त्याच्यावर गेलं होतं. तिनं बापाकडं पाहिलं. मग बोट उचललं आणि परत एक घर मागं आणून ठेवलं.

“मीठ,” ती पुन्हा म्हणाली, सावकाश, मागच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.